साडेचार सेंटांची वाटणी

कपाशीच्या दोन ओळींमधून चालायचं, पिकावर पाय पडू द्यायचा नाही, ही शिकवण खेचराला औताला जुंपल्या दिवसापासून मिळते. 1933 सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हीच शिकवण आड आली. सरकारने उभी कपाशी मोडायला सांगितली होती. नांगर ओळीच्या मधून नव्हे, थेट ओळीवरून घालायचा होता, आणि खेचरं ओळीवर पाय टाकायला तयार नव्हती. बोंडं धरलेलं पीक असं मोडताना माणसांचेही हात अडखळत होते. तरी त्या एका हंगामात सुमारे 1 कोटी एकर कपाशी मोडली गेली, आणि मोडलेल्या प्रत्येक एकरामागे सरकारने पैसे दिले.

कारण साधं होतं. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा पौंडाला 35 सेंटांपर्यंत गेलेला कापूस 1932 च्या मध्यावर 5 सेंटांच्या आसपास आला होता. गोदामं जुन्या गाठींनी भरलेली होती. फ्रँकलिन रूझवेल्ट यांचं सरकार आलं, हेन्री वॉलेस कृषिमंत्री झाले आणि मे 1933 मध्ये शेती समायोजन कायदा मंजूर झाला. पीक कमी काढा, त्याची भरपाई सरकार देईल, म्हणजे भाव वर येतील, असा त्याचा विचार होता. भाव खरोखरच वर आले. अमेरिकी शेतकऱ्याच्या घरी दरवर्षी सरकारी चेक येण्याची रीत इथून सुरू झाली आणि नावं, नियम, खाती बदलत ती आजही चालू आहे.

हा चेक कोणाच्या हातात पडला, हे वॉशिंग्टनच्या कागदपत्रांत नीट दिसत नाही. त्यासाठी एखाद्या काउंटीत उतरावं लागतं. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. आपल्याकडच्या तालुक्याशी त्यांची तुलना करता येईल, फक्त अधिकार बरेच जास्त. मी इथे एकच काउंटी घेतो: मिसिसिपी राज्यातली सनफ्लॉवर काउंटी. मिसिसिपी आणि याझू या दोन नद्यांच्या मधला सपाट, गाळाचा, काळ्याभोर मातीचा जो पट्टा ‘डेल्टा’ म्हणून ओळखला जातो, त्याच्या मधोमध ती आहे. क्षेत्रफळ साधारण 1,800 चौरस किलोमीटर, मुख्य गाव इंडियानोला. 1930 साली इथे 66 हजार माणसं राहत होती. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि जमीन मात्र मूठभर गोऱ्या कुटुंबांची.

ती माणसं जमीन कसत होती ती अर्धेलीने. जमीन, खेचर, बियाणं मालकाचं, कष्ट कुटुंबाचे, कापूस निम्मा-निम्मा. पेरणीपासून वेचणीपर्यंत पोटाला लागेल ते मालकाच्या दुकानातून उधारीवर. तिकडे याला ‘फर्निश’ म्हणत, विदर्भातला माणूस याला खावटी म्हणेल. नाताळच्या सुमाराला हिशेब व्हायचा. वही मालकाची, वजनकाटा मालकाचा आणि व्याजाचा दरही मालकाचाच. वर्षभर राबून अंगावर बाकीच निघाली, असं सांगणाऱ्या कुटुंबांना गणती नव्हती.

अशा व्यवस्थेत सरकारी पैसा उतरला, तर तो कसा वाटला जाईल? कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न पडला नव्हता असं नाही. त्यांनी त्याचं उत्तर करारातच लिहून ठेवलं, आणि ते उत्तर वाचताना आजही राग येतो. 1934-35 च्या कापूस करारानुसार शेतकऱ्याने जवळपास 40 टक्के क्षेत्र कपाशीतून काढायचं होतं. त्या क्षेत्रावर जेवढा कापूस आला असता, त्याच्या प्रत्येक पौंडामागे साडेचार सेंट मिळणार होते. त्यातले साडेतीन सेंट ‘जमिनीचं भाडं’ म्हणून, ते पूर्णपणे मालकाचे. उरलेला एक सेंट मालक आणि अर्धेलीवाला यांच्यात निम्मा. म्हणजे साडेचारपैकी चार सेंट मालकाला, अर्धा सेंट कसणाऱ्याला. पिकातला वाटा निम्मा होता; पीक न घेण्यातला वाटा नवव्या हिश्शावर आला.

तो अर्धा सेंटही अनेकांच्या हातात पडला नाही. मोडणीच्या वर्षी तर चेक मालकाच्याच नावाने निघाले होते. कुळाचा वाटा मालकाने द्यायचा होता, आणि मालकाने तो जुन्या उधारीत वळता करून घेतला. सही नाही तर अंगठा घेतला आणि विषय संपला.

त्याहून मोठा घाव पुढे होता. 40 टक्के जमीन पडीक राहणार असेल तर 40 टक्के माणसं कशाला हवीत? कराराच्या सातव्या कलमात मालकाने शक्यतो नेहमीइतकीच कुळं ठेवावीत असं लिहिलं होतं. त्यातल्या ‘शक्यतो’ने कुटुंबंच्या कुटुंबं रस्त्यावर आणली. नदीपलीकडे आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावाजवळ जुलै 1934 मध्ये 11 गोरे आणि 7 काळे शेतकरी एका शाळेत जमले आणि त्यांनी दक्षिणी कुळांचा संघ स्थापन केला. त्या काळात त्या प्रदेशात काळ्या-गोऱ्यांनी एका संघटनेत बसणं म्हणजे जिवावर उदार होणं होतं. वॉशिंग्टनमध्ये जेरोम फ्रँक या वकिलाच्या गटाने सातव्या कलमाचा अर्थ कुळांच्या बाजूने लावला: तीच माणसं ठेवा, नुसती तेवढीच संख्या नव्हे. फेब्रुवारी 1935 मध्ये योजनेचे प्रमुख चेस्टर डेव्हिस यांनी फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कामावरून काढलं. वॉलेस डेव्हिसच्या पाठीशी उभे राहिले. वॉलेस हे बऱ्याच बाबतीत पुरोगामी मंत्री होते, पण दक्षिणेतल्या सिनेटरांच्या मतांवाचून त्यांचा कोणताही कायदा पुढे सरकत नव्हता. माझ्या मते अमेरिकी शेती अनुदानाचा पुढचा नव्वद वर्षांचा स्वभाव त्या एका महिन्यात ठरला.

आता काउंटी समितीकडे येऊ, कारण खरी किल्ली तिच्याकडे होती. वॉशिंग्टनला लाखो शेतांची मोजणी करणं शक्य नव्हतं. म्हणून प्रत्येक काउंटीत शेतकऱ्यांनीच निवडलेली समिती नेमली गेली. कोणाच्या शेताला किती एकर कपाशीची परवानगी, कोणाचं सरासरी उत्पन्न किती धरायचं, तक्रार आली तर काय करायचं, कार्यालयात कोणाला नोकरीला ठेवायचं, हे सगळं समिती ठरवायची. कागदावर हे गावपातळीवरच्या लोकशाहीचं उत्तम उदाहरण आहे. ज्याला जमिनीची माहिती आहे त्याने निर्णय घ्यावा, यात गैर काही नाही. पण डेल्टामध्ये समितीवर तेच मालक बसले ज्यांच्या दुकानात खावटीची वही होती. 1965 मध्ये नागरी हक्क आयोगाने तपासणी केली तेव्हा दक्षिणेतल्या 11 राज्यांतल्या काउंटी समित्यांवर निवडून आलेला एकही कृष्णवर्णीय सदस्य त्यांना आढळला नाही. त्याआधीच्या वर्षी मिसिसिपीतल्या नागरी हक्क कार्यकर्त्यांनी या समित्यांच्या निवडणुकांत उमेदवार उभे केले होते. मतपेटीची लढाई शाळा-बस-हॉटेलांच्या लढाईइतकी गाजली. कपाशीच्या एकरांची लढाई फारशी कोणी लिहिली नाही. खरं तर काळ्या शेतकऱ्याची जमीन टिकणार की जाणार, हे या समितीच्या टेबलावरच ठरत होतं.

दरम्यान चेकच्या पैशाने यंत्रं आली. ऑक्टोबर 1944 मध्ये शेजारच्या कोहोमा काउंटीत हॉपसन प्लँटेशनवर कापूस वेचणी यंत्राचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. हाताने वेचलेल्या एका गाठीचा खर्च 39 डॉलर 41 सेंट. यंत्राने वेचलेल्या गाठीचा 5 डॉलर 26 सेंट. ज्याच्याकडे सरकारी चेक होता, तो यंत्र घेऊ शकला. ज्याच्याकडे नुसते हात होते, त्याने शिकागोची गाडी पकडली. सनफ्लॉवर काउंटीची लोकसंख्या 1970 पर्यंत 37 हजारांवर आली. 2020 च्या जनगणनेत ती 26 हजारांच्या आसपास होती.

याच काउंटीत साठच्या दशकात दोन माणसं काही मैलांच्या अंतरावर राहत होती. जेम्स ईस्टलंड हे डॉड्सव्हिलचे, हजारो एकरांच्या प्लँटेशनचे मालक. चाळीसच्या दशकापासून 1978 पर्यंत ते अमेरिकेचे सिनेटर होते, न्याय समितीचे अध्यक्ष आणि कृषी समितीचे सदस्य. नागरी हक्कांचं विधेयक त्यांच्या समितीत शिरलं की बाहेर पडणं मुश्कील. दुसरी व्यक्ती फॅनी लू हेमर. वीस भावंडांतलं शेंडेफळ, सहाव्या वर्षी कापूस वेचायला लागलेली, रूलव्हिलजवळच्या एका प्लँटेशनवर मजुरांच्या हजेरीची आणि वजनाची नोंद ठेवणारी. मालक काटा मारायचा. तो आसपास नसला की ती खरं वजन लावून मजुराचं माप त्याच्या पदरात टाकायची. 31 ऑगस्ट 1962 ला ती आणि आणखी 17 जण बसने इंडियानोलाला मतदार नोंदणीसाठी गेले. संध्याकाळी परतल्यावर मालकाने तिला जागा सोडायला सांगितली. 18 वर्षं तिथे राबलेल्या बाईला त्याच रात्री घर सोडावं लागलं.

साठच्या दशकाच्या अखेरीस ईस्टलंड यांच्या प्लँटेशनला कापूस कार्यक्रमातून वर्षाला 1 लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळत होती. त्यातला काही भाग कपाशी कमी लावण्याबद्दलचा होता. त्याच काळात मिसिसिपीत निराधार कुटुंबातल्या मुलामागे मिळणारी सरकारी मदत महिन्याला सुमारे 9 डॉलर. 1965 च्या कायद्याने कपाशीचं क्षेत्र आणखी घटवलं, तणनाशकं आली, फेब्रुवारी 1967 मध्ये शेतमजुरांना तासाला 1 डॉलर किमान वेतन लागू झालं, आणि मालकांनी निंदणीची माणसं बंद करून टाकली. दहा तासांच्या निंदणीला 3 डॉलर रोज मिळत होता, तोही गेला. त्यातच अनेक काउंट्यांनी फुकट धान्यवाटप थांबवून अन्न कूपन आणलं. कूपन तेव्हा विकत घ्यावं लागे. हातात रोकड नसलेल्या घराला ते घेता येईना. एप्रिल 1967 मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी आणि जोसेफ क्लार्क डेल्टात आले. क्लीव्हलंड गावातल्या झोपड्यांत पोटं सुजलेली मुलं त्यांनी पाहिली आणि ती देशाने टीव्हीवर पाहिली. जगातल्या सर्वांत कसदार जमिनींपैकी ही एक जमीन. तिच्यावर पीक न काढण्यासाठी पैसा देणारं खातं आणि त्या मुलांना कूपन विकणारं खातं एकच होतं: अमेरिकेचं कृषी खातं.

हेमरने उत्तर म्हणून शेतीच केली. 1969 मध्ये तिने ‘फ्रीडम फार्म’ नावाची सहकारी संस्था उभी केली. सुरुवात 40 एकरांनी, पुढे 600 एकरांहून अधिक. आधी पोटाला लागणारी पिकं: घेवडा, भेंडी, रताळी, पालेभाज्या. कर्जाचे हप्ते आणि करासाठी थोडी कपाशी, सोयाबीन. शिवाय डुकरांची बँक. निग्रो महिलांच्या राष्ट्रीय परिषदेने पन्नासेक डुकरं दिली. एका कुटुंबाने एक मादी न्यायची, ती व्याली की दोन पिल्लं बँकेला परत करायची, बाकीची घरात. आपल्याकडे बचत गटांत शेळ्यांचा असाच फेर फिरताना मी पाहिला आहे. गायक हॅरी बेलाफोंटे यांनी पैसे उभे करायला मदत केली. पण पूर आला, दुष्काळ आला, हेमरची तब्येत ढासळली, करांची थकबाकी वाढली. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जमीन हातची गेली. मार्च 1977 मध्ये हेमर वारली.

तिकडे ईस्टलंड यांच्यासारख्यांच्या मोठ्या चेकवर काँग्रेसने आधीच मर्यादा घातली होती. 1970 च्या कायद्याने एका व्यक्तीला एका पिकामागे 55 हजार डॉलरच्या वर रक्कम मिळणार नाही असं ठरलं. लगेच एका शेताची अनेक शेतं झाली. बायको, मुलगा, पुतण्या, भागीदारी, कंपनी, कंपनीत भागीदार असलेली दुसरी कंपनी. या फांद्यांच्या आकृतीला पुढे ‘मिसिसिपीचं ख्रिसमस ट्री’ असं नावच पडलं. 1987 मध्ये एका माणसाला तीनच संस्थांमधून रक्कम घेता येईल असा नियम आला. आपल्याकडे कमाल जमीन धारणा कायदा आल्यावर सातबाऱ्यावर किती नवी नावं चढली, हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

काळ्या शेतकऱ्यांची संख्या 1920 मध्ये 9 लाख 25 हजार होती. 1997 च्या गणनेत ती 20 हजारांच्याही खाली गेली. कर्ज वेळेवर न मिळणं, अर्ज दाबून ठेवणं, पेरणी उलटून गेल्यावर पैसे येणं, असे अनुभव काउंटी काउंटीतून गोळा झाले आणि नॉर्थ कॅरोलिनाच्या टिमथी पिगफर्ड यांच्या नावाचा खटला उभा राहिला. एप्रिल 1999 मध्ये त्यात तडजोड मंजूर झाली. बहुतेकांना 50 हजार डॉलर मिळण्याची वाट त्यातून उघडली. 2010 मध्ये आणखी सव्वाशे कोटी डॉलरची दुसरी तडजोड झाली. जुलै 2024 मध्ये कर्जवाटपातल्या भेदभावाची भरपाई म्हणून 43 हजारांहून अधिक शेतकऱ्यांना मिळून सुमारे 200 कोटी डॉलर वाटले गेले.

आजचा चेक कसा ठरतो, हे थोडक्यात सांगतो. शेताच्या नावावर जुन्या काळापासून ‘आधार एकर’ नोंदलेले असतात. काउंटीचं सरासरी उत्पन्न आणि देशातला भाव यांचा गुणाकार ठरलेल्या पातळीच्या खाली गेला की त्या एकरांवर पैसे मिळतात. त्या जमिनीवर यंदा ते पीक लावलेलं असायलाच हवं असं नाही. काउंटीची हद्द इथे फार महत्त्वाची ठरते. 2019 मध्ये चीनबरोबरच्या व्यापारयुद्धाची भरपाई देताना प्रत्येक काउंटीला एकरी 15 ते 150 डॉलरमधला एक दर लावला गेला. म्हणजे रस्त्याच्या अलीकडे एक दर आणि पलीकडे दुसरा, माती तीच. 2018 आणि 2019 मिळून ही रक्कम सुमारे 2,300 कोटी डॉलर झाली. जमीन रोख भाड्याने दिलेली असेल तर चेक कसणाऱ्याच्या नावाने निघतो, हा 1933 पेक्षा नक्कीच चांगला बदल आहे. पण पुढे मालक जमिनीचं भाडं वाढवू शकतो. अमेरिकेतले शेती अर्थतज्ज्ञ कित्येक वर्षं हेच दाखवत आले आहेत की अनुदानाचा बराच भाग शेवटी जमिनीच्या भाड्यात आणि किमतीत जाऊन मुरतो.

या कपाशीचं आणि आपलं नातं जुनं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात तिथल्या दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. उलट फेराही आला. 2001-02 मध्ये जागतिक बाजारात कापूस पौंडाला 40 सेंटांच्या खाली घसरला, तेव्हा अमेरिका आपल्या सुमारे 25 हजार कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलर देत होती. त्यामुळे तिथलं उत्पादन घटलं नाही आणि भाव दबून राहिला. ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला आणि 2005 मध्ये अपिलातही तो जिंकला. अमेरिकेने 2010 पासून ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला 14 कोटी 73 लाख डॉलर देण्याचं कबूल केलं आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. आपली अनुदानं चालू ठेवता यावीत म्हणून एक देश दुसऱ्या देशाच्या शेतकऱ्यांना पैसे देतो, हे चित्र त्या काळात यवतमाळ-वर्ध्याच्या शेतकऱ्यालाही बघण्यासारखं होतं. त्याच्या हालाला इतरही कारणं होती: कर्ज, पाऊस, बियाण्याचा खर्च. पण बाजारात मिळणाऱ्या भावात डेल्टाच्या चेकचाही वाटा होता.

आणि एक गोष्ट आपल्या घरची. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनापासून आजच्या महाराष्ट्राच्या पश्चिम भागात कसेल त्याची जमीन झाली आणि लाखो कुळं मालक झाली. तो मोठा कायदा होता. पण त्याच्याच धाकाने तेव्हापासून जमीन खंडाने, ठोक्याने, बटाईने दिली जाते ती तोंडी. सातबाऱ्यावर कसणाऱ्याचं नाव येत नाही. पीएम-किसानचे वर्षाचे 6,000 रुपये आणि राज्याच्या नमो योजनेचे 6,000 रुपये जमीनधारकाच्या खात्यात जातात. पीक विमा खंडकऱ्याला घेता येतो, मात्र त्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि तोंडी व्यवहारात तो कुठून आणणार? लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीत लागते. पुढच्या वेळी ती लागेल तेव्हा कृपा करून एकदा उभे राहून वाचा, आणि त्यातली कोणती जमीन कोण कसतो हे तुम्हाला माहीत असेल, तर ग्रामसभेत त्या माणसाचं नाव मोठ्याने घ्या.